लॅपटॉपला जोडलेली हार्ड डिस्क उपाशी ठेवू नका

“कालपर्यंत नीट चालत होती, आज नुसती टिकटिक करते.” दुरुस्तीच्या टेबलावर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता डिस्क बाजूला ठेवतो आणि आधी केबल मागतो. ती पुष्कळदा मोबाइलच्या चार्जरची निघते. नाहीतर चार तोंडांचा एक हब निघतो, ज्यात माउस, कीबोर्डचा रिसीव्हर, पेनड्राइव्ह आणि वर ही डिस्क असा सगळा संसार एकाच पोर्टवर चाललेला असतो. डिस्क धडधाकट असते, पण बरेच दिवस अर्धपोटी राबत असते.

हा लेख त्या वीजपुरवठ्याबद्दल आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक घोटाळे क्रम उलटा केल्यानेच होतात: आधी डेटा कॉपी करायला घेतात आणि मग वीज पुरते का, याचा शोध सुरू होतो.

१. हातात कोणती डिस्क आहे ते ओळखा

डिस्क उलटी करा आणि मागचं लेबल वाचा. व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे शोधा.

खिशात मावणारी, एकाच केबलवर चालणारी डिस्क म्हणजे अडीच इंची. तिला फक्त ५ व्होल्ट लागतात. लेबलवर साधारण ५ व्होल्ट, १ अँपिअर किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असतं. हा आकडा कायमचा नसतो. आतल्या तबकड्या थांबलेल्या असताना त्यांना गती द्यायला दोन-तीन सेकंद सर्वांत जास्त वीज लागते, जवळजवळ १ अँपिअर. एकदा फिरू लागल्या की वाचन-लेखनाला त्याच्या निम्म्यातही भागतं. त्यामुळे उपासमारीची लक्षणं डिस्क जोडताना आणि झोपलेली डिस्क पुन्हा जागी होताना दिसतात.

पुस्तकाएवढी जाड, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क साडेतीन इंची असते. तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. ते लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टमधून येत नाहीत, त्यामुळे कितीही चांगली केबल आणली तरी अडॅप्टरशिवाय ती चालायची नाही. तिच्यासाठी आठवी पायरी आहे.

तिसरी एसएसडी. फिरणारं काही नसल्यामुळे सुरू होतानाची ती उसळी नाही. पण केसिंगमध्ये घातलेली वेगवान एनव्हीएमई एसएसडी मोठी फाइल लिहिताना भरपूर वीज ओढते. जुन्या पोर्टवर ती कॉपी अर्ध्यावर आली की गायब होते, आणि माणूस एसएसडीला शिव्या घालतो.

२. योग्य पोर्ट निवडा

नियमाप्रमाणे यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३ पोर्ट ९०० (१००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर). टाइप-सी पोर्ट लॅपटॉपच्या ऐपतीप्रमाणे दीड किंवा ३ अँपिअरपर्यंत देऊ शकतो, पण प्रत्येक टाइप-सी देतोच असं नाही.

मग १ अँपिअर मागणारी डिस्क ९०० वर चालते कशी? लॅपटॉप बनवणारे बरोब्बर ९०० ला वीज तोडत नाहीत, थोडी सैल ठेवतात. ही सैल प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळी असते. “मित्राच्या लॅपटॉपवर चालते, माझ्यावर नाही” या कोड्याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

पोर्ट शोधायचा तो असा:

- आतली प्लास्टिकची जीभ निळी असेल किंवा शेजारी त्रिशूळाच्या खुणेबरोबर ‘एसएस’ अशी अक्षरं असतील, तर तो यूएसबी ३ समजा. सगळ्या कंपन्या निळा रंग वापरत नाहीत, म्हणून लॅपटॉपचं मॉडेल टाकून पोर्टची यादी एकदा बघून घ्या.
- काळ्या जिभेचा, माउससाठी दिलेला पोर्ट पुष्कळदा यूएसबी २ असतो. तो माउसलाच राहू द्या.
- बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूचे पोर्ट मुख्य बोर्डावर असतात आणि दुसऱ्या बाजूचे पट्टीसारख्या केबलने जोडलेल्या छोट्या बोर्डावर. एका बाजूला डिस्क कुरकुर करत असेल तर दुसरी बाजू जरूर वापरून बघा.

सावधान: पोर्टमध्ये प्लग हलत असेल, किंचित तिरका केला की डिस्क जाते-येते असं होत असेल, तर तो पोर्ट डिस्कसाठी बाद. पेनड्राइव्हला चालेल. फिरत्या तबकडीला प्रत्येक झटका म्हणजे अचानक लाइट जाणं.

३. केबल: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

अडीच इंची डिस्कचं तोंड बऱ्याचदा रुंद आणि चपटं असतं: एक मोठा भाग, त्याला चिकटून एक छोटा. यातल्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची पिन अगदी बरोबर बसते. डिस्क चालूही होते, आणि माणसाला वाटतं जमलं. पण यूएसबी ३ च्या तारा त्या छोट्या भागात असतात. त्या रिकाम्या राहिल्या की डिस्क यूएसबी २ म्हणून जोडली जाते. वेग पडतो, हक्काची वीज ५०० मिलिअँपिअर राहते, आणि चार्जरची ती केबल सहसा लांब नि आतून बारीक असते.

तारेचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. स्वस्त केबलमध्ये वीज वाहणारी तार पुष्कळदा २८ गेजची असते. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. या तारेला दर मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलमध्ये तो ०.४२ धरायचा. ९०० मिलिअँपिअर ओढले की वाटेतच जवळजवळ ०.३८ व्होल्ट गळतात. पोर्टवर पूर्ण ५ असले तरी डिस्कपाशी ४.६२ पोहोचतात. डिस्कला मात्र ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे किमान ४.७५ व्होल्ट हवे असतात. तीच केबल २४ गेजची असती तर गळती ०.१५ व्होल्टच्या आसपास राहिली असती. तार २८ गेजचीच ठेवून लांबी अर्धा मीटर केली तर ०.१९ गळतात, तेही चालण्यासारखं.

यावरून दुकानात काय मागायचं ते कळतं: आखूड केबल. डिस्कबरोबर आलेली वीतभर केबल कंपनीने कंजूषपणाने आखूड दिलेली नसते. ती हरवली तर तेवढ्याच लांबीची यूएसबी ३ केबल घ्या. एक्स्टेन्शन केबल लावून डिस्क टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊ नका.

तपासा: केबलच्या अंगावर गेज छापलेला असेल तर ‘२८/२४’ सारखी जोडी दिसते. जाड तार, म्हणजे लहान आकडा, विजेची असते. काहीच छापलेलं नसेल तर निदान लांबी बघा.

४. जोडण्याआधी लॅपटॉप तयार करा

लॅपटॉप चार्जरला लावा आणि बॅटरी निम्म्याच्या वर आहे ना ते बघा. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही. चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर अडीच इंची डिस्क लाइट गेल्यावरही निवांत चालू राहते, कारण तिला वीज लॅपटॉपच देतो. पण चार्जर काढताक्षणी बंद पडणारे लॅपटॉप घरोघरी आहेत. तसल्या लॅपटॉपवर १०० जीबीची कॉपी लावून जेवायला जाऊ नका.

मग विंडोजमध्ये या तीन गोष्टी करा:

- पॉवरच्या सेटिंगमध्ये, चार्जर लावलेला असताना लॅपटॉप कधीच झोपू नये असं ठेवा. झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’ निवडा. झोपताना बरेच लॅपटॉप पोर्टची वीज तोडतात.
- अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. सगळ्या नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तसं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.
- तिथेच ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क’ची वेळ वाढवा. डिस्क दर वीस मिनिटांनी झोपली आणि उठली, की दर वेळी ती १ अँपिअरची उसळी पुन्हा येते.

काम झाल्यावर ही सेटिंग पूर्ववत केली तरी हरकत नाही.

५. जोडण्याचा क्रम

१. लॅपटॉप सुरू करून डेस्कटॉप पूर्ण येऊ द्या.
२. पोर्टवरचे मोबाइल, पंखा, दिवा असले पाहुणे काढा.
३. डिस्क टेबलावर सपाट ठेवा. मांडीवर नको, लॅपटॉपच्या गरम झरोक्यापुढे नको, उशीवर तर नकोच.
४. केबल आधी डिस्कला घट्ट बसवा, मग लॅपटॉपला. उलट केलं तर वीज आलेली पिन डिस्कमध्ये खुपसताना ती दोनदा-तीनदा लागते-तुटते, आणि मोटरला तेवढेच धक्के बसतात.
५. हात काढा आणि दहा सेकंद नुसतं ऐका.

निरोगी डिस्क एकदा हळूच ‘घूंऽऽ’ करते, बारीक कुरकुर होते आणि आवाज एकसारखा होतो. ‘टिक… टिक… टिक’ अशी ठरावीक लय, ‘पीं-पीं’ असा बारीक आवाज, किंवा घूं सुरू होऊन विरणं आणि पुन्हा सुरू होणं, ही विजेच्या तुटवड्याची नेहमीची लक्षणं. अशा वेळी लगेच काढा आणि थेट दहाव्या पायरीवर जा.

सावधान: ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विंडोजने विचारलं तर ‘कॅन्सल’. अर्ध्या विजेवर डिस्कची सुरुवातीची पानं वाचता आली नाहीत तरी हाच प्रश्न येतो. लग्नाच्या दोन सीझनचे फोटो या एका ‘हो’मुळे घालवून बसलेला फोटोग्राफर मी पाहिलाय. त्याची केबल बदलायची होती, बाकी काही नाही.

६. मोठी कॉपी लावण्याआधी चाचणी

दोन-तीन जीबीची एक फाइल डिस्कवर टाका आणि वेग बघा. अडीच इंची डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या आगेमागे जाते. वेग तीस-चाळीसवरच अडकला असेल तर ती बहुधा यूएसबी २ म्हणून जोडली गेलीय: केबल किंवा पोर्ट चुकलाय. भरलेल्या, छोट्या-छोट्या फाइलींच्या डिस्कवर वेग तसाही पडतो, म्हणून चाचणीला एकच मोठी फाइल घ्या.

यापेक्षा पक्की खूण डिस्कच्या स्वतःच्या वहीत असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकटचा प्रोग्राम ‘स्मार्ट’ नोंदी दाखवतो. त्यात १९२ क्रमांकाची ‘पॉवर ऑफ रिट्रॅक्ट काउंट’ शोधा. वीज अचानक गेली की डिस्क वाचणारी सुई, म्हणजे हेड, घाईघाईने बाजूला घेते आणि हा आकडा वाढतो. ही घाईची माघार कंपन्या नेहमीच्या माघारीपेक्षा कितीतरी कमी वेळा सहन होईल असं धरतात. (या प्रोग्राममध्ये क्रमांक आणि आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत, दिसतात. १९२ तिथे ‘सी०’ असतो. आकडे सेटिंगमधून दशमान करून घ्या.)

आकडा लिहून ठेवा, कॉपी करा, डिस्क न काढता पुन्हा बघा. काही डिस्क दर बंद होण्याला एक आकडा वाढवतात, तो त्यांचा स्वभाव आहे. पण चालू कामात, केबलला हात न लावता आकडा वाढला तर वीज तुटतेय, यात शंका नको.

आणखी एक पुरावा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळतो. ‘सिस्टम’ नोंदींत १५७ क्रमांक दिसला तर डिस्क अचानक निघून गेल्याचं विंडोजने टिपलंय. जेवायला गेला होतात तेव्हा काय झालं, ते तिथे वेळेसकट कळतं.

यूएसबी मीटर, म्हणजे पोर्ट आणि केबलच्या मध्ये लावून वीज मोजायचं छोटं यंत्र, असेल तर उत्तम, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनेक स्वस्त मीटरमधून फक्त यूएसबी २ च्या तारा जातात, त्यामुळे मीटर लावला की वेग पडणारच. आणि मीटर पोर्टवरचे व्होल्ट दाखवतो, पुढे केबलमध्ये गळालेले दाखवत नाही.

७. हब आणि दोन तोंडांची केबल

अडॅप्टर नसलेला हब वीज बनवत नाही, वाटतो. लॅपटॉपच्या एका पोर्टचे ९०० मिलिअँपिअर चार तोंडांना, त्यात हबचा स्वतःचा खर्च वेगळा. अशा हबवर फिरती डिस्क लावू नका. कधी चालली तरी लावू नका.

दोन-तीन डिस्क एकदम लागत असतील तर अडॅप्टरचा हब घ्या. दर डिस्कमागे १ अँपिअर आणि वर थोडी शिल्लक धरा: तीन डिस्कना ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा अडॅप्टर बरा. हबवर सात तोंडं आणि अडॅप्टर २ अँपिअरचा, असले नग बाजारात भरपूर आहेत. डिस्क एकेक करून, दहा सेकंदांच्या अंतराने लावा, म्हणजे सगळ्यांची उसळी एकदम येणार नाही.

तपासा: हबचा अडॅप्टर चालू करा, पण हब लॅपटॉपला जोडू नका. हबची लॅपटॉपकडची पिन यूएसबी मीटरमध्ये घाला. मीटर उजळला तर हब उलटी वीज लॅपटॉपकडे ढकलतोय. तो हब परत करा.

दोन तोंडांची, वाय आकाराची केबल यूएसबीच्या नियमांत बसत नाही, तरी जुन्या यूएसबी २ लॅपटॉपवर तिच्याशिवाय गत्यंतर नसतं. वापरायचीच तर दोन्ही तोंडं त्याच लॅपटॉपला, आधी फक्त विजेचं, मग डेटाचं. एक तोंड लॅपटॉपला आणि दुसरं मोबाइलच्या चार्जरला ही युक्ती फार लोकप्रिय आहे आणि वाईट आहे. दोन वेगळ्या ठिकाणचे ५ व्होल्ट एकमेकांना जोडले जातात, आणि ज्याचे किंचित जास्त तो दुसऱ्यात वीज ढकलतो.

८. साडेतीन इंची डिस्क आणि अडॅप्टरचा गोंधळ

इथे वीज पुरण्यापेक्षा चुकीची वीज जाण्याचं भय मोठं. १२ व्होल्टच्या डिस्कची गोल पिन, राउटरची पिन, सेट-टॉप बॉक्सची पिन आणि काही लॅपटॉप चार्जरची पिन एकसारखी दिसते, बसतेही. लॅपटॉपचा चार्जर १९ व्होल्टचा असतो. तो लावला तर डिस्कचा बोर्ड जळू शकतो. राउटरचा १२ व्होल्टचाच असला तरी पुष्कळदा अर्धा किंवा १ अँपिअरचा असतो. मग डिस्क फिरायला बघते, थांबते, परत बघते. डिस्कच्या लेबलवर जितके अँपिअर लिहिलेत तितके किंवा जास्त, व्होल्ट मात्र नेमके तेवढेच, आणि मधली पिन धन असल्याची खूण जुळते का तेही बघा. डिस्कच्या अडॅप्टरवर आजच मार्करने ‘डिस्क’ असं लिहा.

जोडताना आधी अडॅप्टर, मग आवाज एकसारखा झाल्यावर यूएसबी. काढताना आधी इजेक्ट, मग यूएसबी, शेवटी अडॅप्टर. या डिस्कला लॅपटॉपच्या बॅटरीचा आधार नाही. लाइट गेली की ती त्याच क्षणी पडते, म्हणून तिला यूपीएस द्या.

९. काढण्याचा क्रम

कॉपीची खिडकी गेली म्हणजे काम संपलं असं नाही. सगळे फोल्डर बंद करा, ‘सेफली रिमूव्ह’मधून इजेक्ट करा. ‘वापरात आहे’ असं आलं तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा करा. तरी ऐकलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करून मग काढा.

२०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ सेटिंग झालं, आणि तेव्हापासून ‘आता इजेक्टची गरज नाही’ असं ठासून सांगणारे भेटतात. ते सेटिंग फाइलींसाठी आहे. इजेक्ट न करता केबल ओढली की हेडला ती घाईची माघार घ्यावीच लागते.

इजेक्टनंतर डिस्कवर बोट ठेवा. थरथर असेल तर पंधरा सेकंद थांबा, मग केबल काढा, आणि तबकड्या थांबल्याशिवाय डिस्क उचलू नका.

१०. टिकटिक सुरू झालीच तर

केबल लगेच काढा. काहीही न बदलता ‘पुन्हा लावून बघू’ हा खेळ दोनपेक्षा जास्त वेळा नको. मग एका वेळी एकच गोष्ट बदला, या क्रमाने:

१. लॅपटॉपचा दुसरा यूएसबी ३ पोर्ट, थेट.
२. दुसरी आखूड केबल.
३. दुसरा लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट, पुढचा नको.
४. अडॅप्टरचा हब.

या काळात चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम), दुरुस्तीचे इतर प्रोग्राम, फॉरमॅट यांतलं काहीच चालवू नका. वीज स्थिर नसताना चेकडिस्कने दुरुस्त म्हणून लिहिलेलं अर्धवट राहिलं, तर होत्याचं नव्हतं होतं. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा घरगुती उपायही नको. बाहेर काढल्यावर थंड तबकड्यांवर दव धरतं.

चारही ठिकाणी टिकटिक तशीच राहिली तर बिघाड आतला आहे. डिस्क उघडू नका, डेटा परत मिळवणाऱ्यांकडे न्या. आणि एखाद्या ठिकाणी ती चालली, तर तिथून हलवू नका. पोर्ट बदलायचा नाही, केबल बदलायची नाही, सगळी डिस्क एकदम ओढायचीही नाही. आधी कागदपत्रं आणि फोटो दुसरीकडे घ्या, त्या कॉपीतल्या चार-पाच फाइली उघडून बघा, मग बाकीचं. सिनेमे सगळ्यात शेवटी.